एकच पंप, दोन आजार आणि खानदेशचा उन्हाळा: बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल इन्हेलरचे परीक्षण

आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पंप’ म्हणतात, त्या रोज घ्यायच्या इन्हेलरांमध्ये बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल ही दोन औषधे एकत्र असलेला प्रकार दम्यासाठी आणि सीओपीडीसाठी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा आजार) मोठ्या प्रमाणावर लिहून दिला जातो. आमच्या घरात तो दोघींना चालू आहे: मला लहानपणापासूनच्या दम्यासाठी आणि आईला सीओपीडीसाठी. औषध एकच, ताकद एकच, दुकानही एकच. तरीही तो वापरण्याचे आम्हा दोघींचे नियम इतके वेगळे आहेत की एकीचा नियम दुसरीने पाळला तर अपाय व्हायचा. या पंपाविषयीचे बहुतेक अभिप्राय ‘चांगला आहे, फरक पडतो’ एवढ्यावर थांबतात. फरक पडतो हे खरेच आहे. पण कोणाला, कशामुळे आणि कोणती काळजी घेतल्यावर, हे सांगितल्याशिवाय ती शिफारस अर्धवट राहते.

आधी नावांचा गोंधळ दूर करते. फोराकोर्ट, ब्युडामेट आणि सिम्बिकॉर्ट ही बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची नावे आहेत. सेरोफ्लो आणि सेरेटाइड यांत मात्र फ्लुटिकासोन आणि सॅल्मेटेरॉल असते. दोन्ही गट ‘कॉम्बिनेशन’ म्हणूनच ओळखले जातात, खोकी साधारण सारखी दिसतात आणि दुकानदाराच्या दृष्टीने ती एकमेकांना पर्यायी असतात. रुग्णाच्या दृष्टीने ती तशी नाहीत, आणि त्याचे कारण पुढे येईलच. आमच्या घरी यांपैकी कोणते नाव येते ते मुद्दाम लिहीत नाही, कारण हे परीक्षण औषधाचे आणि ते घेण्याच्या पद्धतीचे आहे, कंपनीचे नाही.

बुडेसोनाइड हे श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराची सूज उतरवणारे स्टेरॉइड आहे. पहिल्या पफला त्याचा परिणाम जाणवत नाही. तो दिसू लागायला काही दिवस आणि पूर्ण बसायला काही आठवडे जातात. फॉर्मोटेरॉल श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करते, एक ते तीन मिनिटांत काम सुरू करते आणि सुमारे बारा तास टिकते. त्यामुळे घडते असे की छाती मोकळी झाल्याचे श्रेय लगेच जाणवणाऱ्या फॉर्मोटेरॉलला मिळते, आणि आजार खऱ्या अर्थाने आटोक्यात ठेवणारे बुडेसोनाइड बिनबोभाट काम करत राहते. महिनाभर बरे वाटले की माणूस पंप बंद करतो. पंधरा-वीस दिवस काही होत नाही, म्हणून बंद करण्याचा निर्णय बरोबरच होता असे वाटते. मग कपाशी वेचणीचे दिवस येतात, किंवा दोंडाईचा-नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्या वाळत पडलेल्या असताना वाऱ्याची एक झुळूक येते, आणि रात्री दोन वाजता छातीत घरघर सुरू होते.

‘पंपनी सवय लागी जास’ हे वाक्य आमच्या गल्लीतल्या एका काकूंकडून मी अनेकदा ऐकले आहे, आणि त्या ते पूर्ण मायेने सांगतात. हे औषध थांबवल्यावर त्रास परत येतो तो औषधाची चटक लागली म्हणून नव्हे. आजार होता तिथेच असतो आणि त्याला दाबून धरणारे काढून घेतलेले असते. स्टेरॉइड या शब्दाची भीतीही अशीच मोजमाप न करता बाळगली जाते. २०० च्या पंपातल्या एका पफमध्ये बुडेसोनाइड २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचवा भाग असते आणि ते थेट फुफ्फुसात जाते. उलट, झटका आल्यावर मोठ्या माणसाला दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला तीस-चाळीस मिलिग्रॅमच्या घरात असतात आणि त्या सगळ्या शरीरभर फिरतात. रोजचा पंप टाळून वर्षातून तीन-चार वेळा गोळ्यांचा कोर्स घेणारा माणूस स्टेरॉइड टाळत नसतो, ते कैकपट जास्त घेत असतो. दम्यावर ‘जडीबुटीची’ म्हणून बाजारच्या दिवशी विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांबद्दल तर बोलायलाच नको. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याचे प्रकार झालेले आहेत, आणि त्यावर मात्रा कुठेच छापलेली नसते.

आता दम्याचा नियम. दम्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘जिना’च्या मार्गदर्शक सूचनांनी २०१९ मध्ये एक मोठा बदल केला: प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांनी केवळ साल्ब्युटामॉलच्या निळ्या पंपावर दमा काढू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. निळा पंप स्नायू सैल करतो, सूज तशीच ठेवतो. म्हणून त्यावर विसंबलेल्या माणसाला बरे वाटत असतानाच आजार आत वाढत जाऊ शकतो. त्याऐवजी बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचाच पंप रोजच्या मात्रेसाठी आणि त्रास झाल्यावरच्या जादा पफसाठी, अशा दोन्ही कामांना वापरता येतो. मला माझ्या डॉक्टरांनी हीच पद्धत घालून दिली आहे. धाप लागली की एक पफ घ्यायचा, काही मिनिटे थांबायचे आणि गरज वाटली तर आणखी एक. प्रत्येक जादा पफबरोबर सूज उतरवणारे औषधही आपोआप पोटात नव्हे, छातीत जाते, ही या पद्धतीची खरी खुबी आहे.

या सवलतीला मर्यादा आहे. बुडेसोनाइड २०० आणि फॉर्मोटेरॉल ६ मायक्रोग्रॅमच्या ताकदीत प्रौढ माणसासाठी रोजचे आणि जादाचे धरून चोवीस तासांत कमाल बारा पफ, हा हिशेब सूचनांत दिलेला आहे. तो ४०० च्या ताकदीला लावू नये आणि लहान मुलांना तर मुळीच लावू नये. बारा ही गाठायची संख्या नाही. एरवी आठवड्यात एखादा जादा पफ लागणाऱ्याला एकाच दिवशी पाच-सहा लागू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे.

सॅल्मेटेरॉलचा पंप या कामाला चालत नाही, तो इथेच. सॅल्मेटेरॉलचा परिणाम सुरू व्हायला दहा-वीस मिनिटे लागतात, त्यामुळे ते त्रास झाल्यावर घ्यायचे औषध नाही. ते सकाळ-संध्याकाळ ठरल्याप्रमाणेच घ्यायचे आणि जवळ तातडीचा पंप वेगळा ठेवायचा. गेल्या पावसाळ्यात आमचा नेहमीचा पंप संपलेला असताना एका दुकानाने ‘हे पण तेच आहे’ असे म्हणून फ्लुटिकासोन-सॅल्मेटेरॉलचे खोके पुढे केले होते. मी खोक्यावरची बारीक अक्षरे वाचून ते परत दिले आणि दुसऱ्या दुकानातून हवा तो पंप आणला. पण वाचता न येणाऱ्या, किंवा चष्मा घरी विसरलेल्या, माणसाने ते घेतले असते, आणि रात्री धाप लागल्यावर पहिल्यासारखे पफवर पफ ओढले असते. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. तरीही सांगते: या औषधात ब्रँड बदलला तर चालतो, आतले दुसरे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदललेले चालत नाही.

फॉर्मोटेरॉल आणि सॅल्मेटेरॉल या वर्गातली औषधे दम्यात स्टेरॉइडशिवाय एकटी कधीही घेऊ नयेत, हा नियम महागात पडून शिकलेला आहे. अमेरिकेत सॅल्मेटेरॉलवर चाललेला एक मोठा अभ्यास २००३ मध्ये मध्येच थांबवला गेला, कारण ते घेणाऱ्यांत दम्याने होणारे मृत्यू अधिक दिसत होते. त्यानंतर या वर्गावर तिथल्या औषध प्रशासनाने ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. पुढे स्टेरॉइडसह एकाच पंपात दिल्यास तो धोका वाढत नाही असे नव्या चाचण्यांत दिसल्यावर, डिसेंबर २०१७ मध्ये एकत्रित पंपांवरचा तो इशारा काढण्यात आला. दोन औषधे एकाच नळीत कोंबण्यामागे विक्रीची सोय आहे असा समज असेल, तर तो इथे सोडून द्यावा. दोन्ही एकत्र असल्यामुळे नको असलेले तेवढे टाळून हवे ते घेण्याची वाटच उरत नाही. घरातल्या सीओपीडीच्या आजोबांना स्टेरॉइड नसलेला, फक्त नळ्या रुंदावणारा दुहेरी पंप दिलेला असतो, आणि नातवाला दम्याची धाप लागली की तोच ‘कामचलाऊ’ म्हणून ओढायला दिला जातो. असे करू नये.

आईची गोष्ट वेगळी आहे. तिने आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही, पण यावल तालुक्यातल्या गावात चुलीपुढे, कपाशीच्या काड्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांच्या धुरात तिचे उमेदीचे दिवस गेले. सीओपीडी हा फक्त पुरुषांचा आणि फक्त धूम्रपानाचा आजार, हा समज खानदेशातल्या कुठल्याही गावात चार वयस्क बायकांचा खोकला ऐकला तरी टिकू नये. आजाराची खात्री स्पायरोमेट्रीने होते: नळ्या रुंदावणारे औषध दिल्यानंतरही, जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी राहिली, तर अडथळा कायमचा आहे असे समजतात. ही तपासणी न करता वर्षानुवर्षे ‘दमा’ म्हणून औषध घेणारे, आणि उलट खरा दमा असताना वयामुळे सीओपीडीचा शिक्का बसलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक माझ्या ओळखीत आहेत. या पंपाच्या बाबतीत तो फरक फार मोलाचा ठरतो.

सीओपीडीत हा पंप ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेतच घ्यायचा असतो. आईला तो सकाळी दोन आणि रात्री दोन पफ असा दिला आहे; दम वाढला म्हणून तिने माझ्यासारखे जादा पफ घ्यायचे नाहीत, त्यासाठी तिच्याजवळ निळा पंप वेगळा आहे. दुसरे असे की सीओपीडीत श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडमुळे न्यूमोनियाची शक्यता वाढते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टॉर्च’ चाचणीत फ्लुटिकासोन घेणाऱ्यांमध्ये हे ठळकपणे दिसले. म्हणून सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाला स्टेरॉइडचा पंप हवाच असे आता मानत नाहीत. वारंवार तीव्र झटके येणाऱ्यांना आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मायक्रोलिटरला ३०० किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांना त्याचा लाभ जास्त होतो, १०० पेक्षा कमी असणाऱ्यांना फारसा होत नाही. आणि सीओपीडीत स्टेरॉइड द्यायचेच असेल तर नळ्या रुंदावणारे तिसरे औषधही सोबत असलेला तिहेरी पंप ‘गोल्ड’च्या, म्हणजे सीओपीडीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या, अलीकडच्या मार्गदर्शक सूचनांत अधिक पसंत केलेला आहे. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तोच पंप आणणाऱ्यांनी पुढच्या भेटीत हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. मात्र हे वाचून कोणी आपला पंप परस्पर बंद करू नये, विशेषतः ज्यांना तरुणपणी दमा होता त्यांनी तर नाहीच, कारण दोन्ही आजार एकाच छातीत असू शकतात आणि तिथे स्टेरॉइड काढून घेणे धोक्याचे असते. फ्लूची आणि न्यूमोकॉकसची लस, चुलीऐवजी गॅस, आणि ताप किंवा बेडक्याचा रंग बदलल्यास वाट न पाहणे, या गोष्टी आमच्या घरी पंपाइतक्याच गांभीर्याने पाळल्या जातात. थंडीत बामणोदच्या वांग्यांच्या भरीत पार्टीला आई जाते, पण वांगी भाजून काड्या विझल्यावर.

औषध कितीही चांगले असले तरी ते फुफ्फुसात पोचले पाहिजे, आणि माझ्या मते या उत्पादनाची सगळ्यात कच्ची बाजू तीच आहे. हे औषध मुख्यतः दोन रूपांत मिळते: दाबाचा पंप, आणि कॅप्सूलमधली पूड ओढण्याचे यंत्र. दोन्हींची पद्धत एकमेकींच्या उलट आहे. दाबाचा पंप हलवून घ्यायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंपाची तोंडात धरायची बाजू ओठांनी घट्ट धरायची, श्वास आत घ्यायला सुरुवात करतानाच डबी दाबायची आणि श्वास हळू, खोल घेत राहायचा. मग दहा सेकंद किंवा जमेल तितका वेळ श्वास रोखायचा. दुसरा पफ अर्ध्या ते एक मिनिटाने, पुन्हा पंप हलवूनच. कॅप्सूलच्या यंत्रात मात्र फवारा उडवणारा दाब नसतो. पूड उचलण्याचे काम आपल्याच श्वासाला करायचे असते, म्हणून तिथे श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो. यंत्रात फुंकायचे मात्र अजिबात नाही, कारण तोंडातली वाफ पुडीला लागली की तिच्या गुठळ्या होतात.

आईला आधी कॅप्सूलचे यंत्र दिले होते. ती नेमाने घ्यायची, तरी दम कमी होईना. एकदा तिने ओढून झाल्यावर मी यंत्र उघडून उजेडात धरले, तर कॅप्सूलच्या तळाशी पांढरी पूड जवळपास तशीच चिकटलेली होती. तिच्या श्वासात ती उचलण्याइतका जोरच नव्हता. पूड उरली असेल तर दुसऱ्यांदा ओढायची असते, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते, आणि सांगितले असते तरी फार फरक पडला नसता. डॉक्टरांनी तिला दाबाचा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, दिला, आणि तिथून सुधारणा दिसू लागली. म्हणून ज्यांचा दम मुळातच कमी पडतो अशा वयस्कांसाठी मी कॅप्सूलच्या यंत्राची शिफारस डॉक्टरांनी समोर ओढून घेतल्याशिवाय करणार नाही. तरुण, कामावर जाणाऱ्या, हात आणि श्वास यांचा मेळ न साधणाऱ्या माणसाला मात्र तेच यंत्र सोयीचे आहे. त्या पुडीत लॅक्टोज असते, त्यामुळे दुधातल्या प्रथिनांची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी विचारावे. आणि कॅप्सूल गिळायची नसते. हे लिहिण्याची गरज आहे, कारण रावेरकडच्या आमच्या नात्यातल्या एका आबांना दुकानातून कॅप्सूलची बाटली मिळाली, यंत्र मिळाले नाही, आणि ते दोन वेळा जेवणानंतर पाण्याबरोबर कॅप्सूल घेत राहिले. औषध गुण देत नाही अशी त्यांची तक्रार होती.

स्पेसरबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण वरवर ही प्लॅस्टिकची पोकळ नळी उगाच खर्चाची वाटते. पंपातून औषध वेगाने बाहेर पडते आणि त्याचा मोठा भाग घशावर आदळून तिथेच राहतो. स्पेसरमध्ये तो वेग कमी होतो, जड थेंब नळीतच राहतात आणि बारीक कण शांतपणे आत ओढता येतात. घशात कमी साचल्यामुळे तोंड येण्याचा त्रासही घटतो. एका वेळी एकच पफ नळीत सोडायचा आणि लगेच एक खोल श्वास, ते जमत नसेल तर चार-पाच साधे श्वास घ्यायचे. आठवड्यातून एकदा साध्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि हवेवर वाळू द्यायचा. फडक्याने पुसला तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटते. आमच्या घरी तो पाहुण्यांसमोर लपवला जातो, याचे मात्र मला अजून हसू येते. चष्मा कोणी लपवत नाही.

खानदेशात राहणाऱ्याने या पंपाच्या वेष्टनावरची एक ओळ बोटाने अधोरेखित करावी: ३० अंश सेल्सियसच्या खाली ठेवा. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या छताखालच्या खोलीत रात्रीही तीसच्या खाली येत नाही. डबी दाबाखालची असते. मोटारसायकलच्या डिकीत, उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा खिडकीच्या कठड्यावर ती ठेवणे औषधालाही वाईट आणि माणसालाही. रिकामी झाली तरी ती फोडू नये, कचऱ्याबरोबर पेटवू नये. डबी गोठवायचीही नसते आणि थंडगार डबीतून फवारा कमी पडतो, त्यामुळे बर्फाच्या कप्प्याचा उपाय बाद होतो. गावी आईचा पंप धाब्याच्या जुन्या घरातल्या आतल्या खोलीत, भिंतीतल्या कोनाड्यात असतो, कारण जाड मातीच्या भिंतींमुळे घरातली सर्वांत थंड जागा तीच आहे. शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तो कूलर असलेल्या खोलीतल्या कपाटात असतो. कॅप्सूलवाल्यांनी मात्र कूलरचा वारा आणि माठाजवळची फळी, दोन्ही टाळावे. तिथला ओलावा कॅप्सूलला मानवत नाही, आणि पावसाळ्यात बाटलीचे झाकण घट्ट लावणे हीसुद्धा औषध घेण्याचीच एक पायरी आहे.

दुष्परिणामांत रोजचा आणि टाळता येण्यासारखा म्हणजे तोंडात पांढरी बुरशी येणे आणि आवाज बसणे. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरणे, घशात पाणी घोळवणे आणि ते थुंकून टाकणे, गिळणे नाही, एवढे केले की तो बराच टळतो. आम्ही पंप दात घासण्याच्या आधी घेतो, म्हणजे चूळ वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. फॉर्मोटेरॉलमुळे हात किंचित थरथरणे, छातीत धडधडणे, पायात गोळे येणे किंवा डोके दुखणे होऊ शकते, बहुधा सुरुवातीला. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी, थायरॉइड वाढलेल्यांनी आणि मधुमेह असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे. जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास हाडे, मोतीबिंदू, काचबिंदू आणि मुलांची उंची यांकडे लक्ष ठेवावे लागते. म्हणूनच आजार आटोक्यात आल्यावर डॉक्टर मात्रा उतरवतात, आणि म्हणूनच दर काही महिन्यांनी दाखवायला जायचे असते.

दोन औषधांचा उल्लेख मात्र स्वतंत्रपणे करायला हवा, कारण ती आपल्याला धोक्याची वाटतच नाहीत. काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचे टिमोलॉलचे थेंब, आणि रक्तदाबाच्या किंवा हात थरथरण्याच्या तक्रारीसाठी मिळणाऱ्या प्रोप्रानोलॉलसारख्या गोळ्या, श्वासनलिका आवळू शकतात आणि फॉर्मोटेरॉलचा परिणाम मारतात. डोळ्याच्या थेंबांचा छातीशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल, संबंध आहे. दुसरे म्हणजे गजकर्ण-नायट्यासाठी सध्या सर्रास दिल्या जाणाऱ्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल. त्या यकृतात बुडेसोनाइडचे विघटन अडवतात, त्यामुळे श्वासावाटे घेतलेले थोडेसे स्टेरॉइडही रक्तात साचत जाऊ शकते. घामाच्या दिवसांत नायटा आमच्याकडे घरोघरी असतो. त्वचेच्या डॉक्टरांना पंपाचे नाव सांगायला हवे, आणि छातीच्या डॉक्टरांना कॅप्सूलचे.

विक्रीबद्दल माझी तक्रार एकच आहे. वेष्टनातले माहितीपत्रक बारीक इंग्रजीत, पातळ कागदावर, आठ घड्या घालून दिलेले असते. आणि दुकानात पंप काउंटरवर ठेवताना तो कसा ओढायचा हे कोणी दाखवत नाही. हे औषध फक्त गोळीसारखे देऊन चालत नाही. ज्या डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने समोर पफ घ्यायला लावून चूक सुधारली, त्यांची पाच मिनिटे औषधाच्या निम्म्या किमतीइतकी मोलाची आहेत असे मी समजते. पंप नवा असताना, आणि बरेच दिवस न वापरल्यानंतर, पत्रकात दिले असतील तेवढे पफ हवेत उडवून मगच वापरायचा असतो, हेही मला दुकानात नव्हे, दवाखान्यातच कळले.

पंप संपला की नाही हे ओळखण्यासाठी डबी पाण्यात तरंगवून पाहण्याची जुनी युक्ती सोडून द्यावी. ती खात्रीची नाही आणि पाण्याने झडप खराब होऊ शकते. मोजणीचा आकडा दाखवणारा पंप मिळत असेल तर तोच घ्यावा. आकडा नसेल तर हिशेब करावा: १२० पफचा पंप रोज चार पफ घेणाऱ्याला तीस दिवस पुरतो, आणि त्यानंतरही डबीतून फवारा येत राहतो, फक्त त्यात औषधाची खात्री उरत नाही. आईच्या पंपावर सुरू केल्याची तारीख पेनने लिहिलेली असते. माझे जादा पफ होत असल्याने मला आकड्याकडेच पाहावे लागते, आणि तो वीसच्या खाली आला की दुसरा आणून ठेवते, कारण तालुक्याच्या गावी रविवारी हवी ती ताकद मिळेलच असे नाही.

एवढे सगळे पाळूनही झटका येऊ शकतो, आणि तेव्हा घरच्या उपायांत वेळ घालवायचा नाही. एका दमात वाक्य पूर्ण बोलता न येणे, ओठ किंवा नखे निळसर होणे, गुंगी येणे, किंवा तातडीचे पफ घेऊनही काही मिनिटांत आराम न पडणे, यांपैकी काहीही दिसले की १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत माणसाला आडवे न करता बसते ठेवावे आणि दम्याच्या रुग्णाने आपल्या लेखी सूचनेप्रमाणे पंप चालू ठेवावा. रुग्ण सीओपीडीचा असेल तर ते रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना आधी सांगावे, कारण अशा रुग्णाला प्राणवायू मोजून देतात, रक्तातले प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राहील असा. दम्याच्या रुग्णाला ही मर्यादा लागू नाही. आमच्या दोघींच्या फायलींच्या पहिल्या पानावर आजाराचे नाव, पंपाचे पूर्ण नाव आणि ताकद मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहे, आणि दोन फायलींचे रंग वेगळे आहेत.